झाकल्या वाघिणीत काय आहे?

आगगाडीच्या लहान प्रतिकृती करून त्या घरात रुळांवर फिरविणे हा पोरखेळ आहे अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे, आणि ज्या गृहस्थाने राहत्या घराची एक खोली अडवून तीत बोगदे, पूल, सिग्नल आणि स्थानके उभारली आहेत त्याच्याकडे आप्तेष्ट ज्या कौतुकमिश्रित अनुकंपेने पाहतात ती अनुकंपा या समजुतीचेच अपत्य होय. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून साकारलेले आणि १९९८ साली लोकांस खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांची ही अनुकंपा बहुधा दारातच गळून पडली असेल. तथापि या छंदाविषयी आदर बाळगणाऱ्यांच्या दृष्टीतही एक पक्षपात असतो, आणि माझी तक्रार त्या पक्षपाताविषयी आहे. इंजिन कोणत्या वर्गाचे, किती अश्वशक्तीचे, कोणत्या शेडचे, त्यावरील रंगाचा पट्टा कोणत्या साली बदलला, याची चर्चा तासन्‌तास रंगते. त्यामागून निमूटपणे येणाऱ्या वाघिणींत काय भरले आहे, ते कोठून आले आणि कोणाच्या दारी उतरणार, हा प्रश्न कोणाच्या ओठावर येत नाही. ज्या वाहतुकीच्या उत्पन्नावर भारतीय रेल्वेचा प्रपंच मुख्यत्वे चालतो आणि जिच्या मिळकतीतून उतारूंच्या भाड्यातील तूट भरून काढली जाते, तीच वाहतूक छंदाच्या मेजावर मात्र इंजिनाला लांबी यावी म्हणून जोडलेल्या शेपटीच्या योग्यतेची ठरते.

अमेरिकेत या छंदाला जी प्रौढता आली तिचे श्रेय, माझ्या मते, इंजिनाच्या कारागिरीपेक्षा या उपेक्षित प्रश्नाला अधिक आहे. फ्रँक एलिसन या छंदिष्टाने १९४४ च्या सुमारास लिहिलेल्या लेखमालेत लघुरेल्वेला रंगभूमीची उपमा देऊन देखावा हे नेपथ्य, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक, अशी मांडणी केली. उपमा मार्मिक होती. परंतु पात्राने रंगमंचावर का यावे आणि का जावे याचे कारण तिच्यात अध्याहृतच राहिले होते. ते कारण म्हणजे माल. १९६१ साली डग स्मिथ यांनी सुचविलेल्या पद्धतीत प्रत्येक वाघिणीच्या नावाचे एक कार्ड तयार होते आणि त्याला आपल्या बिलटीसारखी एक चिठ्ठी जोडलेली असते: अमुक गिरणीतून अमुक पेढीकडे, अमुक माल. चिठ्ठी बदलली की वाघिणीचे गंतव्य बदलते, आणि मग खेळणाऱ्याला गाडी नुसती गोल फिरवून चालत नाही. स्थानकात ती तोडावी लागते, एक वाघीण सायडिंगला लावावी लागते, दुसरी उचलावी लागते, आणि तिसरीला जागा नाही म्हणून चौथीची मनधरणी करावी लागते. रेल्वेच्या कचेरीत जे काम कारकून आणि यार्डमास्तर आयुष्यभर कपाळाला आठ्या घालून करतात ते काम येथे सद्गृहस्थ रविवारी हौसेने करतात, हा विनोद त्यांच्याही ध्यानात आलेला असतो.

परंतु चिठ्ठीवर काय लिहावे? येथून संशोधनाला प्रारंभ होतो. अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने कित्येक वर्षे रेल्वे कंपन्यांच्या दर शंभर बिलट्यांतून एक काढून घेऊन तीवरून कोणता जिन्नस कोणत्या राज्यातून कोणत्या राज्यात किती जातो याचे कोष्टक सिद्ध केले. हेतू दरनियंत्रणाचा होता, आणि त्या रुक्ष कोष्टकांना वाचक लाभेल असे ती छापणाऱ्यांस स्वप्नातही वाटले नसेल. आज ती कोष्टके पानोपानी चाळणारा निष्ठावंत वाचकवर्ग म्हणजे हे छांदिष्ट. गाडीबरोबर जाणारा कंडक्टर वाघिणींचे क्रमांक ज्या वहीत टिपून ठेवी तशा जुन्या वह्या मिळवून, त्यांतील नोंदींची खतावणी करून, काहींनी असा सिद्धान्त मांडला की एखाद्या मोठ्या मार्गावरून जाणाऱ्या परकी कंपन्यांच्या बंद वाघिणींचे प्रमाण शेजारपाजारावर अवलंबून नसून समग्र देशातील त्या त्या कंपनीच्या वाघिणींच्या संख्येला धरून असते, कारण साधी बंद वाघीण रिकामी झाली की जवळचा माल घेऊन कोठेही निघून जाते. या सिद्धान्तावर वर्षानुवर्षे वाद झाला आणि त्याला अपवादही निघाले. पण हा वाद म्हणजे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी न विचारलेल्या प्रश्नाचा हौशी लोकांनी केलेला ऊहापोह होता, हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडेही वाघिणींवर मालक रेल्वेची आद्याक्षरे असतात आणि वाघिणी देशभर फिरतात. दौंडच्या यार्डात उभ्या असलेल्या रेकमध्ये मध्य रेल्वेच्या वाघिणी किती आणि पूर्वेकडच्या किती, हे कोणी मोजून ठेवले असते तर तसाच सिद्धान्त येथेही तपासता आला असता.

कोष्टकाने जे कळत नाही ते छायाचित्राने कळते. महायुद्धाच्या काळात, १९४२-४३ मध्ये, अमेरिकन सरकारच्या नोकरीत असलेल्या जॅक डेलानो याने शिकागोच्या परिसरातील रेल्वे यार्डांची छायाचित्रे घेतली, त्यांतील काही रंगीत होती, आणि ती सर्व आज त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात कोणालाही पाहता येतात. रंगाच्या निरनिराळ्या छटांच्या, धुराने काळवंडलेल्या, एकमेकीशी न जुळणाऱ्या वाघिणींचे ते विस्तीर्ण तांडे पाहिल्यानंतर दुकानातून आणलेल्या एकाच लाल रंगाच्या डझनभर वाघिणी कोणाला मेजावर ठेववणार नाहीत. पुराव्याची सवय लागली की डोळा कसा बदलतो याचे दुसरे उदाहरण पेनसिल्व्हेनियातील कोळशाचे. तेथील ग्लेन आल्डन कंपनी आपला अँथ्रासाइट कोळसा निळ्या रंगाने फवारून ‘ब्लू कोल’ या नावाने विकीत असे, हेतू हा की गिऱ्हाइकाला आपला माल ओळखता यावा. ज्याला हे ठाऊक नाही त्याला कोळशावर निळसर झाक मारणारा छांदिष्ट वेडा वाटेल. ज्याला ठाऊक आहे तो त्या झाकेवरून गाडीचा मुलूख ओळखेल.

आपल्या इकडच्या कोळशाच्या वाघिणीवरही असेच एक चिन्ह असते, आणि ते रंगाचे नसून चुन्याचे असते. भरलेल्या वाघिणींतील कोळसा वरून सपाट करून त्यावर चुना शिंपडण्याची चाल आहे; वाटेत कोणी कोळसा उतरवून घेतला तर चुन्याचा थर तुटलेला दिसतो आणि चोरीची जागा उघडी पडते. लघुरूपात कोळशाचा ढीग करणारा कुशल कारागीर फोमच्या तुकड्यावर खराच कोळसा कुटून, चाळून, गोंदाने चिकटवितो, खाली लोखंडाची चकती दडवितो म्हणजे लोहचुंबकाने सगळा ढीग अलगद उचलता येतो, आणि एवढे करून तो थांबतो. वास्तविक खरी कसोटी येथून पुढे लागते. १:८७ या प्रमाणात एक मिलिमीटरचा कण म्हणजे ८७ मिलिमीटरचे ढेकूळ. आणि अलीकडे वीजकेंद्रांना १०० मिलिमीटरच्या आतला फोडलेला कोळसा देण्याचा दंडक असल्यामुळे, चाळणीचे भोक जरा मोठे झाले तर आपली गाडी वीजकेंद्राची न राहता वाफेच्या इंजिनांच्या युगात जाऊन पडते. वणी-घुग्घुसकडून निघून पारस, परळी किंवा एकलहऱ्याला जाणाऱ्या गाडीचा काळ एका चाळणीने ठरावा, ही गोष्ट ज्याला क्षुद्र वाटत असेल त्याने इतिहासलेखनाच्या भानगडीत पडू नये, असे माझे मत आहे.

लोहखनिजाचे प्रकरण याहून अधिक बोधक आहे. बॉक्स-एन जातीच्या उघड्या वाघिणीत सुमारे ५६ घनमीटर जागा आणि सुमारे ५८ टन वजनाची मर्यादा असते. कोळसा हलका असल्यामुळे तो काठोकाठ भरून वर थोडा ढीगही होतो, परंतु खनिज कोळशाच्या दुपटीहून जड असल्यामुळे वाघीण निम्मीही भरत नाही तोच वजनाची मर्यादा संपते, आणि तळाशी पडलेले ते तांबडे ढीग वरून पाहणाऱ्यास अर्धवट टाकलेल्या कामासारखे दिसतात. म्हणूनच खनिजासाठी बुटक्या भिंतींच्या ‘बॉय’ जातीच्या वाघिणी निराळ्या काढाव्या लागल्या. अमेरिकेत मिनेसोटातील मिसाबी रेल्वेवर याच्या नेमके उलटे घडले: तेथील आखूड खनिज-वाघिणी मूळच्या जड दगडाच्या मापाने बांधलेल्या होत्या, आणि उत्तम खनिज संपत आल्यावर हलक्या प्रतीच्या दगडापासून केलेल्या टॅकोनाइटच्या गोळ्या वाहण्याची वेळ आली तेव्हा त्या गोळ्या तुलनेने हलक्या निघाल्यामुळे वाघिणींच्या भिंती वर वाढवाव्या लागल्या. भिंतीवर जोडलेल्या पत्र्याच्या त्या पट्टीत एका खाणप्रदेशाची अवनती आणि पुनरुज्जीवन दोन्ही नोंदलेली आहेत. आपल्या घाटातही मालाच्या दिशेला असाच अर्थ आहे. होस्पेटच्या बाजूचे खनिज ब्रागांझा घाट उतरून मुरगावच्या बंदराला यावे आणि परदेशातून आलेला कोळसा त्याच १:३७ च्या चढणीने, मागून इंजिनांचा रेटा घेऊन, कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे वर जावा, हा क्रम ज्याने समजून घेतला त्याला वास्कोच्या रहिवाशांचे कोळशाच्या धुळीविषयीचे गाऱ्हाणेही निराळे समजावून सांगावे लागत नाही.

लघुरेल्वेत भरलेली गाडी भरलेलीच परत आली की सगळा भ्रम मावळतो; आणि खरी कोळशाची गाडी तर जाताना भरलेली आणि येताना रिकामी अशीच आयुष्य कंठते. यावर एक गोड तोड निघाली आहे. खाण आणि वीजकेंद्र ही दोन स्थळे पडद्याच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बांधावयाची आणि पडद्याखालून रूळ आरपार न्यावयाचे. खाणीत ढकललेल्या रिकाम्या वाघिणी पलीकडे वीजकेंद्रातून रिकाम्या होऊन बाहेर पडल्यासारख्या निघतात, आणि वीजकेंद्रात शिरलेल्या भरलेल्या वाघिणी इकडे खाणीतून भरून आल्यासारख्या दिसतात. आपल्या छंदिष्टाला मात्र दुसऱ्या दोन अडचणी सोसाव्या लागतात. बाजारात मिळणारे १६.५ मिलिमीटरचे रूळ युरोप-अमेरिकेच्या प्रमाण रुळांची प्रतिकृती होत. आपले रुंद रूळ त्याच मापात १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक रुंद हवेत, तेव्हा आपली गाडी जन्मतःच परक्या रुळांवर चालते. आणि बॉक्स-एनचा ५९ वाघिणींचा पुरा रेक १:८७ मध्ये सव्वासात मीटर लांब होतो, त्याला पुरेल एवढा दिवाणखाना पुण्या-मुंबईच्या सदनिकांत कोणाला मिळणार? डझनभर वाघिणींवर भागवावे लागते, आणि ते क्षम्य आहे.

उघड्या वाघिणीतला माल निदान दिसतो. बंद वाघिणीतला दिसत नाही, आणि तेथेच छंदिष्टाच्या निष्ठेची खरी परीक्षा आहे, कारण जे प्रेक्षकाला कधीही दिसणार नाही ते जाणून घेण्याचा आग्रह त्याने धरला पाहिजे. हा आग्रह निष्फळ नाही. वऱ्हाडच्या कापसाचे पाहा. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ नंतर तेथील कापूस अडकला, मँचेस्टरची नजर इकडे वळली, १८६७ पर्यंत जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत आठेक मैलांचा एक फाटा केवळ तेथील कापसाच्या बाजारासाठी टाकला गेला. आता या फाट्याची प्रतिकृती करणारा जर नुसत्या बंद वाघिणी आणून उभ्या करील तर त्याला स्थानकाशेजारी काय बांधावे हे कळणार नाही. परंतु वाघिणीत कापूस आहे एवढे त्याने ध्यानात घेतले की पुढचे सारे आपोआप उलगडते. मोकळा कापूस हे आकाराने अवाढव्य आणि वजनाने क्षुल्लक असे ओझे. वाघीण भरून जाते आणि काटा हलत नाही. तो रेल्वेने परवडावा तर आधी दाबला पाहिजे. म्हणून रुळांच्या जवळपास प्रेस उभे राहिले, त्यांच्या धुराड्यांनी गावाची क्षितिजरेषा बदलली, आणि ३९२ पौंडांची, पट्ट्यांनी आवळलेली गाठ हे मुंबईच्या व्यापाराचे परिमाण झाले. न दिसणाऱ्या मालाने दिसणारे गाव घडविले. फलाटाच्या कोणत्या बाजूला वाघिणीचे दार उघडे दाखवावे, हमालांच्या पाठीवर काय द्यावे, हुंडेकऱ्याची पेढी कोठे असावी, आणि पावसाळ्याच्या दिवसांत तो धक्का किती ओस पडलेला असावा, या सर्वांचे उत्तर त्या बंद दारामागे असते.

ऋतूची ही जाणीव तर आमच्या लघुरेल्वेतून पूर्णपणे हरवलेली आहे. तेथे बारा महिने एकच माल चालतो. रावेर आणि सावद्याची केळी दिल्लीला जाणे, लासलगावच्या कांद्याला भाव चढला की शासनाची धावपळ सुरू होऊन २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे १६०० टन कांद्याची गाडी दिल्लीकडे रवाना होणे, आणि २०२० च्या अखेरीस सांगोल्याहून बंगालमधील शालिमारकडे शंभरावी किसान रेल डाळिंबे, द्राक्षे आणि भाजीपाला घेऊन सुटणे, ही सारी हंगामाची, बाजाराची आणि राजकारणाची दृश्ये आहेत. आणि एप्रिल २०१६ मधली मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी! खनिज तेलाच्या टाकी-वाघिणी कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आणल्या, आरंभी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी १२ एप्रिलला लातुरात उतरले, आणि पुढे पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरांची गाडी फेऱ्या करू लागली. पन्नास वर्षांनी कोणी या गाडीची प्रतिकृती केली तर पाहणाऱ्याला ती पेट्रोलचीच वाटेल. टाकीचा आकार तोच, रंगही बहुतेक तोच. तिच्यात पाणी होते, आणि ते का होते, हे सांगणारा कागद तोपर्यंत शिल्लक असेल काय?

माझे म्हणणे या प्रश्नाशी येऊन ठेपते. रेल्वेच्या दप्तरातील प्रत्येक कागदाला एक ठरावीक मुदत असते, आणि ती संपली की बिलट्या, मालधक्क्याची रजिस्टरे, वाघिणींच्या मागण्या आणि डेमरेजच्या वह्या यांची गत रद्दीवाल्याच्या हातीच लागावयाची. सगळे जपून ठेवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तेवढ्या वखारी देशात नाहीत. परंतु अमेरिकन आयोगाने एक टक्क्याचा जो नियम घालून घेतला होता तो आपल्याला अशक्य का असावा? आज मालाची नोंद संगणकावर होते, आणि तिच्यातून दर शंभर नोंदींमागे एक वेगळी काढून काही वर्षांनंतर लोकांस खुली करणे याला एका कारकुनाचाही वेळ लागणार नाही. यावर दोन आक्षेप येतील. पहिला, व्यापाऱ्यांची गुपिते उघड होतील. याची तजवीज अमेरिकेत झालेलीच आहे: लोकांसाठीच्या प्रतीत गिऱ्हाइकाचे नाव गाळतात आणि गावाऐवजी विस्तृत प्रदेश देतात. दुसरा आक्षेप असा की हे कोणाला हवे आहे? या आक्षेपाला उत्तर इतिहाससंशोधक राजवाड्यांनी आपल्या आचरणाने दिलेले आहे. १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला तेव्हा वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडलेल्या जमाखर्चाच्या आणि रसद-खुराकीच्या कागदांना कोणी विचारीत नव्हते. ते गोळा झाल्यानंतर मग त्यांवाचून इतिहास लिहिता येत नाही असे सर्वांस वाटू लागले. फौजेची हालचाल तिच्या दाण्यागोट्याच्या हिशेबावरून समजते हे ज्या प्रांताने इतक्या लवकर ओळखले, त्याच प्रांताने आपल्या शंभर-दीडशे वर्षांच्या व्यापाराचे हिशेब किलोच्या भावाने विकावेत, हे मला विलक्षण वाटते.

संगणकाच्या पूर्वीचे जे काही अजून स्थानकांच्या कोठ्यांत पडून असेल त्याची निवड मात्र हातानेच करावी लागेल, आणि ती त्वरेने करावी लागेल, कारण मोठमोठ्या शहरांतील जुने मालधक्के आता गावाबाहेर जात आहेत आणि स्थलांतरात प्रथम बळी जातो तो कागदाचा. खामगाव, सावदा, लासलगाव, मिरज अशा चार-पाच ठिकाणची रजिस्टरे जरी भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या एखाद्या संस्थेच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेखागाराच्या स्वाधीन झाली तरी आरंभ म्हणून पुरे. त्यांची वर्गवारी वेतन न घेता करणारी माणसे कोठून मिळतील, अशी शंका रेल्वेच्या अधिकाऱ्यांस येणे स्वाभाविक आहे. कोळशावरचा चुना सरळ ओळीत मारावा की विस्कळित शिंपडावा यावरून संध्याकाळभर हमरीतुमरीवर येणारे सज्जन माझ्या परिचयाचे आहेत, आणि त्यांच्यापैकी निदान निवृत्त झालेल्यांना दुपारचा वेळ मोकळा असतो.